मराठी अक्षराला जपानी निब कोणत्या जाडीचे?

बजाजनगरात वह्या, कंपासपेट्या, कार्डशीट आणि जेल पेने विकणारी दुकाने गल्लोगल्ली आहेत. जूनमध्ये शाळा उघडताना तिथे पाय ठेवायला जागा नसते. पण शाईचे पेन, त्यातही जपानी, हातात घेऊन आणि कागदावर दोन ओळी लिहून विकत घ्यायचे म्हटले, तर छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज एमआयडीसीच्या या कामगार वसाहतीत ती सोय होणे अवघड. पायलट, सेलर, प्लॅटिनम ही पेने इथे बहुधा कुरिअरनेच येतात. मागवताना रंग चित्रावरून निवडता येतो, पण निबची जाडी चित्रावरून कळत नाही. ईएफ, एफ, एमएफ, एम, बी अशी अक्षरे समोर येतात आणि लिहिण्याचे सगळे सुख ज्यावर अवलंबून आहे तो निर्णय अंदाजाने घेतला जातो.

हा अंदाज चुकण्याचे एक मोठे कारण आहे. निबच्या जाडीबद्दल सहज मिळणारा सल्ला बहुतांशी रोमन लिपीत लिहिणाऱ्यांनी रोमन लिपीसाठी दिलेला असतो. मराठी लिहिणाऱ्याच्या अक्षराला गाठी असतात, जोडाक्षरे असतात, वर वेलांट्या-मात्रा आणि खाली उकार असतात, शिवाय डोक्यावरून शिरोरेषा जाते. म्हणून जपानी निबचा विचार इथे मराठी अक्षराच्या बाजूने केला आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे की निबची जाडी कंपनीच्या नावावरून किंवा दुसऱ्याच्या आवडीवरून ठरवू नये. आपल्या अक्षराची उंची मोजून आणि आपल्या वहीचा कागद पाहून ठरवावी. असे केले तर निवड बरीच सोपी होते.

खोक्यावरची अक्षरे

ईएफ म्हणजे अतिबारीक, एफ म्हणजे बारीक, एम म्हणजे मध्यम आणि बी म्हणजे जाड. एफ आणि एम यांच्या मधलीही एक पायरी आहे. सेलर तिला एमएफ म्हणते, पायलट एफएम. प्लॅटिनमच्या '३७७६ सेंच्युरी' या मालिकेत ईएफच्याही खालचे यूईएफ मिळते, आणि वरच्या टोकाला बीपेक्षा जाड असे सी.

ही अक्षरे सगळीकडे तीच असली तरी रेषा तीच नसते. एका कंपनीचे एफ दुसरीच्या एफइतके भरत नाही. एकाच कंपनीच्या स्टीलच्या आणि सोन्याच्या निबमध्येही फरक पडतो. युरोपीय आणि जपानी निबमधला फरक तर चांगलाच जाणवतो. जपानी एम साधारणपणे युरोपीय एफच्या जवळ जाते आणि जपानी एफ युरोपीय ईएफच्या जवळ, काही वेळा त्याहूनही बारीक. वर्षानुवर्षे जर्मन पेनाच्या एफने लिहिणाऱ्याने जपानी पेन मागवताना डोळे झाकून पुन्हा एफच निवडले, तर हाती येणारी रेषा त्याच्या अपेक्षेपेक्षा बरीच बारीक निघते.

म्हणून अक्षरांऐवजी मिलिमीटरमध्ये विचार करणे बरे. प्लॅटिनमने आपल्या स्वस्त 'प्रेपी' पेनावर हे काम करून ठेवले आहे. त्यावर ०२, ०३, ०५ असे आकडे असतात. ते अनुक्रमे ०.२, ०.३ आणि ०.५ मिलिमीटर, म्हणजेच ईएफ, एफ आणि एम. अंदाजासाठी ही शिडी पुरेशी आहे: जपानी ईएफ ०.२ ते ०.३, एफ ०.३ ते ०.३५, मधले निब ०.४च्या आसपास, एम ०.४ ते ०.५ आणि बी त्याच्या वर. ज्यांनी शाईचे पेन कधी वापरले नाही त्यांच्यासाठी दुसरी ओळखीची खूण म्हणजे पायलटचे व्ही ५ हे गोळीचे पेन. त्याची गोळी ०.५ मिलिमीटरची असली तरी कागदावर उमटणारी रेषा सुमारे ०.३ मिलिमीटरची असते. व्ही ५ची रेषा डोळ्यांसमोर आणली की जपानी एफ कसे दिसेल याची कल्पना येते. व्ही ७ची रेषा त्याहून किंचित जाड, ०.४च्या घरात.

जपानी निब बारीक का झाले

जपानच्या तिन्ही मोठ्या कंपन्या शंभरी ओलांडलेल्या आहेत. सेलरची सुरुवात १९११ साली हिरोशिमा प्रांतातल्या कुरे या बंदराच्या गावी झाली. पायलटचे मूळ १९१८ सालच्या नामिकी कंपनीत आहे. तिचे संस्थापक र्‍योसुके नामिकी नाविकांच्या शाळेत शिकवत आणि आराखडे काढण्याच्या पेनात सुधारणा करता करता निबकडे वळले. प्लॅटिनमची स्थापना १९१९ची. या तिघींचे वैशिष्ट्य असे की त्या आपली निबे स्वतः बनवतात. युरोपातल्या अनेक पेन कंपन्या मात्र जर्मनीतल्या बॉक आणि जोवो या निब-उत्पादकांकडून निबे घेतात. स्वतःचे निब स्वतः घडवायचे म्हटले की ते आपल्या लिपीला जुळवून घडवता येते, आणि जपानी कंपन्यांनी नेमके तेच केले.

जपानी लिखाणात चिनी वळणाची कांजी अक्षरे असतात. रोजच्या वापरासाठी ठरवलेल्या यादीतच २,१३६ कांजी आहेत. एका अक्षरात दहा-पंधरा फटकारे असणे नेहमीचे, आणि ते सगळे एका लहान चौकोनात बसवावे लागतात. तिथल्या नेहमीच्या वह्यांत ओळींमधले अंतर ७ किंवा ६ मिलिमीटर असते. एवढ्या जागेत जाड रेषेने लिहिले तर फटकारे एकमेकांत मिसळतात आणि अक्षर काळा ठिपका होते. म्हणून जपानी कारागिरांनी टोक बारीक ठेवले. बारीक ठेवूनही ते कागदात रुतणार नाही इतके गुळगुळीत घासण्यात त्यांचे खरे कौशल्य आहे. दाट लिपीसाठी तयार झालेले हे निब मराठीला जवळचे वाटावे हे स्वाभाविक आहे. पण आपली लिपी दाट असली तरी तिचा दाटपणा वेगळ्या जातीचा आहे, आणि निवडीचा खरा कस तिथेच लागतो.

गाठ उघडी राहिली पाहिजे

एक साधा हिशेब करून पाहू. आपल्या दोनशे पानी वहीत दोन ओळींमधले अंतर साधारण ८ मिलिमीटर असते. त्यात वर मात्रा, वेलांटी, अनुस्वार, रफार यांना जागा लागते आणि खाली उकार-ऊकारांना. मधे उरलेल्या जागेत अक्षराचा मूळ भाग ३ ते ४ मिलिमीटर उंच येतो. 'म', 'भ', 'न' यांची डावीकडची गाठ या उंचीच्या पाव ते तिसरा हिस्सा असते. ती बाहेरून १ मिलिमीटर धरू. गाठीला दोन बाजू असतात. रेषा ०.३ मिलिमीटरची असेल तर आत ०.४ मिलिमीटर पांढरी जागा उरते. रेषा ०.५ मिलिमीटरची झाली की आत काहीच उरत नाही, गाठ बुजते.

गाठ बुजल्याने फक्त सौंदर्य जात नाही, वाचनही अडते. 'घ' आणि 'ध', 'म' आणि 'भ', 'य' आणि 'थ' या जोड्यांत फरक करणारी खूण म्हणजे एखादी गाठ, वळण किंवा शिरोरेषेतली फट. 'ब' आणि 'व' यांच्यात फरक करते ती पोटातली एक तिरकी रेघ. 'ष' आणि 'प' यांचेही तेच. जाड निबने लहान अक्षर काढले की या खुणा आधी नाहीशा होतात. त्यात 'राष्ट्र', 'उद्ध्वस्त', 'मृद्गंध', 'तत्त्वज्ञान' असे शब्द आले की जोडाक्षरांचे खालचे भाग एकमेकांवर चढतात. उत्तरपत्रिका तपासणारा किंवा हस्तलिखित वाचणारा माणूस संदर्भावरून शब्द ओळखतो खरा, पण प्रत्येक ओळीत त्याच्यावर तो भार पडतो.

मग सरळ सगळ्यात बारीक निब घ्यावे असे वाटेल. तिथे शिरोरेषा आडवी येते. डावीकडून उजवीकडे, शब्दाच्या पूर्ण लांबीची, न थांबता ओढलेली सरळ रेघ हे देवनागरीचे वैशिष्ट्य आहे. जपानी लिखाणात फटकारे छोटे असतात आणि पेन सारखे उचलले जाते. तिथे ईएफचे अणकुचीदार टोक खपून जाते. मराठीत तेच टोक लांब शिरोरेषेत खरखरते, स्वस्त कागदाचे तंतू उचलते आणि घाईत मधेच कोरडे पडते. शिवाय ४ मिलिमीटर उंच अक्षर ०.२च्या रेषेत काढले तर ते अशक्त दिसते. पानभर तसले लिखाण वाचताना, विशेषतः ट्यूबलाइटच्या उजेडात, डोळे शिणतात.

म्हणजे मराठीला गाठ उघडी ठेवण्याइतके बारीक आणि शिरोरेषा विनाअडथळा ओढण्याइतके भरीव असे निब हवे. यासाठी मी एक प्रमाण वापरतो: रेषेची जाडी अक्षराच्या मूळ भागाच्या उंचीच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास असावी. अक्षर २ मिलिमीटरचे असेल तर ०.२, म्हणजे ईएफ. ३ मिलिमीटरचे असेल तर ०.३, म्हणजे एफ. ४ मिलिमीटरला ०.४, म्हणजे मधले निब किंवा बारीककडे झुकणारे एम. ५ मिलिमीटरला एम.

अक्षराची उंची आणि लेखणीची जाडी यांचे नाते जोडण्याची ही रीत आपल्या मुलखात जुनी आहे. मोडी लिहिणारा कारकून पानावर आधी शिरोरेषा आखून घेई आणि मग तिच्याखाली हात फारसा न उचलता अक्षरे ओढीत जाई. त्याचा बोरू तो स्वतः चाकूने तासायचा, टोकाला तिरका काप द्यायचा, आणि काप केवढा रुंद ठेवायचा ते समोरच्या लिखाणावरून ठरवायचा. मराठवाडा १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि दप्तर उर्दूत चाले. उर्दू खुशखतात तर अक्षराची उंची-रुंदी कलमाने टेकवलेल्या टिंबांच्या संख्येत मोजतात. दोन्ही परंपरांत आधी अक्षर ठरे आणि मग लेखणीची जाडी. पेन तयार मिळू लागल्यापासून हा क्रम उलटला. निब आधी येते आणि अक्षराला त्याच्या मापात बसावे लागते. निब मागवण्याआधी पट्टी हातात घेतली तर जुना क्रम परत आणता येतो.

हात कसा चालतो

उंचीचे गणित हाताच्या सवयीप्रमाणे थोडे सरकते. पहिली सवय दाबाची. बॉलपेनवर वाढलेला हात दाबून लिहितो, कारण गोळी फिरवायला दाब लागतो. शाईच्या पेनाला दाब लागत नाही. निबच्या चिरेतून शाई आपसूक उतरते. दाबले की चिरेच्या दोन्ही बाजू फाकतात, रेषा जाड होते आणि फार काळ दाबले तर निब कायमचे वाकते. ज्यांचा हात जड आहे त्यांनी कडक स्टीलचे निब घ्यावे. पायलटचे एसएफ, एफए किंवा प्लॅटिनमचे एसएफ ही मऊ निबे हात हलका झाल्यावर घ्यावीत. मऊ एफ जड हातात एमसारखे लिहिते आणि मग जाडीचा सगळा हिशेब फसतो.

दुसरी गोष्ट वेगाची. वेगाने लिहिणाऱ्याला शाईचा प्रवाह चांगला असलेले निब लागते, नाहीतर शब्दाचा शेवट फिका पडतो. अशांनी दोन मापांमध्ये मन अडले तर एक पायरी वर जावे. शिरोरेषा न देता लिहिणारे पुष्कळ आहेत. त्यांची लांब आडवी ओढ वाचते, त्यामुळे त्यांना एक पायरी खालचे निब चालते.

तिसरी गोष्ट डावखुऱ्यांची. उजव्या हाताने शिरोरेषा काढताना निब ओढले जाते. डाव्या हाताने तीच रेघ काढताना निब ढकलले जाते. ढकललेले बारीक टोक कागदात रुतते. म्हणून डावखुऱ्या मराठी लेखकाने ईएफ शक्यतो टाळावे. एफ किंवा मधले निब आणि लवकर वाळणारी शाई ही जोडी त्याला अधिक सोयीची, कारण त्याचा तळवा ओल्या अक्षरांवरून जाण्याची भीती असते.

कागद आणि शाई

निबचे माप कारखान्यात ठरते, पण रेषेचे माप कागदावर ठरते. आपल्या नेहमीच्या शालेय वह्यांचा कागद पातळ असतो आणि शाई पटकन पितो. त्यावर शाई तंतूंतून पसरते. ज्याला आपण शाई फुटणे म्हणतो ते हेच. ०.३चे निब अशा कागदावर ०.४ची रेषा देते आणि एम निबची रेषा मागच्या पानावर उमटते, त्यामुळे वहीची एकच बाजू वापरता येते. हे लक्षात घेतले तर स्वस्त वहीवर लिहिणाऱ्याने हिशेबाने आलेल्या मापापेक्षा एक पायरी बारीक निब घेणे शहाणपणाचे. जाड, गुळगुळीत, शाई न पिणारा कागद असेल तर हिशेबाचेच माप ठेवावे किंवा एक पायरी वर जावे.

हवामानाचाही परिणाम होतो. मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये हवा इतकी कोरडी असते की टोपण उघडे ठेवून विचार करत बसले तर बारीक निबचे टोक वाळते आणि पहिला फटकारा उमटत नाही. पावसाळ्यात कागद दमट होतो आणि शाई जास्त फुटते. रोज न लिहिणाऱ्याने टोपण घट्ट बसणारे पेन बघावे. प्लॅटिनमने ३७७६ सेंच्युरीत टोपणाच्या आत स्प्रिंग असलेली खास बंदिस्त रचना दिली आहे, त्यामुळे पेन महिनोन्महिने पडून राहिले तरी शाई सहसा वाळत नाही. तिची सोपी आवृत्ती प्रेपीतही आहे.

शाईच्या बाबतीत मराठी घरांना कॅमलची दौत ठाऊक आहे. दांडेकरांनी १९३१ साली मुंबईत सुरू केलेल्या या उद्योगाची ओळख आधी 'हॉर्स ब्रँड' शाईने झाली आणि पुढे कॅमल व कॅम्लिन ही नावे शाळाशाळांत गेली. २०११ साली जपानच्या कोकुयो कंपनीने कॅम्लिनमध्ये बहुसंख्य हिस्सा घेतला. ही कोकुयो म्हणजे ७ आणि ६ मिलिमीटर ओळींच्या कॅम्पस वह्या काढणारीच. जपानी निब आणि आपली शाई ही जोडी म्हणूनच अवघडल्यासारखे वाटू नये. पेनासोबत जपानी शाईच घेतली पाहिजे असे अजिबात नाही. ध्यानात एवढेच ठेवावे की भरभरून उतरणारी शाई रेषा जाड करते आणि बेताने उतरणारी शाई बारीक. ईएफ खरखरते असे वाटले तर निब बदलण्याआधी शाई बदलून पाहावी. अत्तराइतकी महाग शाई लागत नाही, स्वच्छ धुतलेले पेन लागते. चित्रकलेची, वॉटरप्रूफ ड्रॉइंगची शाई मात्र शाईच्या पेनात कधीही भरू नये; ती बारीक निबला शाई पुरवणाऱ्या फीडमध्ये घट्ट बसते.

काम कोणते

विद्यार्थ्यांचा विचार आधी. दुरेघी वहीत लिहिणाऱ्या लहान मुलाचे अक्षर ५ मिलिमीटर किंवा त्याहून मोठे असते. त्याला बारीक निब देणे ही चूक आहे. लहान हात दाबतो, टोक रुतते, कागद फाटतो आणि मुलाला शाईच्या पेनाचा कंटाळा येतो. त्याला एम द्यावे. पायलटने २०१३ साली काढलेले 'काकुनो' हे पेन मुलांसाठीच आहे. पकडीची जागा बोटांना बसेल अशी घडवलेली आणि निबवर हसरा चेहरा कोरलेला, तो वर दिसला म्हणजे पेन बरोबर धरले आहे. अक्षर लहान झाले, एकरेघी वही सुरू झाली की एफकडे यावे. काकुनो आणि पायलटचे मेट्रोपॉलिटन यांची निबे एकमेकांत बसतात, त्यामुळे नवे पेन न घेताही पुढे जाडी बदलता येते.

स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांचा प्रश्न वेगळा. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेतल्या सामान्य अध्ययनाच्या पेपरमध्ये तीन तासांत २० प्रश्न लिहायचे असतात, आणि ते मराठीतून लिहिता येतात. राज्यसेवेची मुख्य परीक्षाही आता वर्णनात्मक वळणावर आली आहे. इथे वेग, हात न दुखणे आणि वाचनीयता तिन्ही लागतात. शाईचे पेन हाताला आराम देते हे खरे, पण परीक्षेचा कागद कसा असेल ते आधी माहीत नसते. अशा ठिकाणी एफ सुरक्षित: जवळपास कोणत्याही कागदावर ते निभावून जाते, लवकर वाळते आणि जोडाक्षरे बुजत नाहीत. कोणते पेन आणि कोणत्या रंगाची शाई चालते ते त्या त्या परीक्षेच्या सूचनांत वाचूनच ठरवावे, आणि जोडीला एक बॉलपेन ठेवावेच.

बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना १९८५ साली सुरू झाला आणि त्याच्याभोवती सुट्या भागांचे लहानमोठे शेकडो उद्योग उभे राहिले. या कारखान्यांत अजूनही पुष्कळ लिखाण हाताने होते: शिफ्टचे रजिस्टर, मशिनच्या देखभालीच्या नोंदी, तपासणीचे तक्ते, चलन, गेटपास. यातल्या कार्बन कॉपीच्या कामाला शाईचे पेन घेऊ नये. तिथे दाब लागतो आणि ते बॉलपेनचेच काम. रजिस्टरच्या अरुंद रकान्यांत आकडे आणि आद्याक्षरे भरायची असतील तर मात्र ईएफला पर्याय नाही. तेलकट हात लागलेल्या कागदावर कोणतेही शाईचे निब अडखळते, हेही ध्यानात असावे. हिशेबाच्या बारीक नोंदींसाठी पायलट पीओ नावाचे खास निब बनवते. त्याचे टोक खाली झुकलेले आणि कडक असते. दाबले तरी फाकत नाही. वहीखात्यात रोज बारीक आकडे भरणाऱ्या माणसाने त्याचा जरूर विचार करावा.

पत्रे, रोजनिशी, कविता, लेख अशा निवांत लिखाणासाठी मन मोकळे सोडावे. मोठे, टपोरे अक्षर असेल आणि कागद चांगला असेल तर एम किंवा बीसुद्धा सुखाचे वाटते. शाईच्या छटा जाड रेषेतच खुलतात. सहीसाठी बी शोभते. चेकवर सही करताना मात्र पाण्याने जाणारी शाई नको. संपादन करणाऱ्याला, मुद्रिते तपासणाऱ्याला ओळींच्या मधल्या जागेत दुरुस्त्या भरायच्या असतात. त्याला ईएफ किंवा यूईएफच हवे.

सुलेखनाचे निब हा वेगळा विषय आहे. अच्युत पालव यांच्यासारख्या सुलेखनकारांनी देवनागरी आणि मोडीला रुंद कापाच्या लेखणीने जे रूप दिले त्याचे आकर्षण अनेकांना असते. ती जाड-बारीक वळणे गोल टोकाच्या बी निबने येत नाहीत. त्यासाठी सपाट कापाचे निब लागते. पायलटचे एसयू किंवा म्युझिक निब त्या दिशेने जातात. सेलरचे झूम निब पेनाचा कोन बदलला की रेषेची जाडी बदलते. पण सुलेखन शिकायचे असेल तर आधी साधे कट निबचे पेन घेऊन मोठ्या अक्षरांत सराव करणे उत्तम. रोजच्या लिखाणाचे पेन आणि सुलेखनाचे पेन एकच असावे हा आग्रह दोन्ही कामे बिघडवतो.

हातात न घेता निवडायचे तर

कुरिअरनेच पेन मागवायचे आहे असे धरून निवडीची रीत सांगतो. आपल्या रोजच्या वहीत, रोजच्या वेगाने, मनापासून एक पान लिहावे. सुंदर लिहायचा प्रयत्न करू नये. मग पट्टीने दहा-बारा अक्षरांची उंची मोजावी. मात्रा आणि उकार सोडून, शिरोरेषेपासून पायापर्यंत. सरासरीला दहाने भागावे. आलेला आकडा म्हणजे रेषेची जाडी. कागद शाई पिणारा असेल, अक्षर दाट असेल किंवा शिरोरेषा देत नसाल तर एक पायरी खाली. डावखुरे असाल, फार वेगाने लिहीत असाल किंवा कागद जाड, गुळगुळीत असेल तर एक पायरी वर.

खात्री करायची असेल तर महाग पेनाआधी प्रेपीचे ०३ आणि ०५ घेऊन महिनाभर लिहावे. दोन्ही मिळून खर्च फारसा होत नाही आणि मिळणारे उत्तर कोणत्याही सल्ल्यापेक्षा पक्के असते. शहरात गेलात तर औरंगपुऱ्यात, पुण्याला गेलात तर अप्पा बळवंत चौकात चौकशी करावी, आणि जिथे लिहून बघू देतील तिथे आपला स्वतःचा कागद पुढे करावा. दुकानातल्या गुळगुळीत पॅडवर सगळीच निबे छान चालतात. लिहून पाहताना नुसती सही करू नये. 'घ ध', 'म भ', 'ब व', 'ष प' या जोड्या, 'राष्ट्रध्वज' आणि 'उद्ध्वस्त' हे शब्द, आणि एका लांब शब्दावर एका दमात काढलेली शिरोरेषा एवढे लिहावे. गाठी उघड्या राहिल्या आणि रेघ तुटली नाही, की निब पास.

मन अगदीच दोन मापांत अडले असेल तर एक व्यावहारिक गोष्ट निर्णय सोपा करते. जाड निब जाणकार कारागिराकडून घासून बारीक करता येते. बारीक निब जाड करता येत नाही. महाग, सोन्याच्या निबच्या पेनात हा विचार जरूर करावा. स्टीलच्या स्वस्त पेनात त्याची गरज नाही. आणि घरी पॉलिश पेपरवर निब घासण्याचा उद्योग करू नये. टोकावरचा कठीण धातूचा मणी एकदा झिजला की परत येत नाही.

निष्कर्ष

सगळा आढावा घेतल्यावर माझे मत स्पष्ट आहे. आठ मिलिमीटर ओळीच्या वहीत, शाई फारशी न पिणाऱ्या कागदावर, साधारण ३ मिलिमीटर उंचीच्या अक्षरात मराठी लिहिणाऱ्या प्रौढ माणसाने पहिले जपानी पेन एफ निबचे घ्यावे. अक्षर ४ मिलिमीटरच्या घरात असेल आणि कागद बरा असेल तर सेलरचे एमएफ किंवा पायलटचे एफएम मराठीला सर्वांत चांगले मानवते. ईएफ रकान्यांसाठी, दुरुस्त्यांसाठी आणि खरोखर बारीक अक्षर असणाऱ्यांसाठी राखून ठेवावे. एम लहान मुलांना आणि टपोऱ्या अक्षराला द्यावे. बी सहीला आणि पत्राला ठेवावे.

आणखी एक विनंती. बाबासाहेब आंबेडकरांच्या जयंतीला आणि महापरिनिर्वाण दिनाला फुलांऐवजी 'एक वही, एक पेन' देण्याची रीत महाराष्ट्रात रुजली आहे. ज्या शहरात त्यांनी १९५० साली मिलिंद महाविद्यालय उभे केले, त्या शहराच्या परिसरातल्या मुलांना आपण वही-पेन देतो तेव्हा संख्येबरोबर मापाचाही विचार करावा. मूल कोणत्या वहीत, केवढ्या अक्षरात लिहिते ते पाहून पेनाची जाडी निवडावी, आणि शाईचे पेन देत असाल तर शाई न फुटणाऱ्या कागदाची वही सोबत द्यावी.